टँकरची घंटा आणि बिशपसाहेब

उस्मानाबाद,
रविवार, १४ ऑक्टोबर १९७३

तीर्थरूप आबाराव दाजी आणि बनाक्का यांस,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, म्हणजे गुलाबचा, प्रभूच्या नावाने सलाम. आम्ही इथे त्याच्या कृपेने खुशाल आहोत. तुम्हीही पिंपरीत खुशाल असाल असं धरून चालतो, कारण मागच्या दोन पत्रांना उत्तर नाही आणि काही बरंवाईट असतं तर तार आली असती. दाजींच्या गुडघ्याची कळ कशी आहे? इथे असताना ती उपासनेत गुडघे टेकायची वेळ आली की यायची आणि पंगतीत मांडी घालायची वेळ आली की जायची, त्यामुळे तिकडच्या डॉक्टरांना दोष देऊ नये. आक्काला म्हणावं डोळ्यांत औषध वेळेवर घालत जा. (हे पत्र तिला वाचून दाखवताना कंसातला मजकूर गाळावा. मी कंस मुद्दाम मोठे काढले आहेत.) आमच्या घरात शांताचे पाय दुखतात, माझे केस गेले, आणि चर्च जागेवर आहे. ते जागेवर कसं राहिलं तेच सांगायला आज दुपारचं जेवण झाल्यावर न झोपता बसलोय, यावरून प्रकरण किती मोठं आहे ते ओळखा.

तुम्ही गेलात तेव्हाचं चर्च आणि आत्ताचं चर्च, फरक म्हणाल तर दगडाला काही झालेलं नाही. ते बांधणाऱ्या इंजिनिअर साहेबानं निजामाच्या नोकरीत राहून असं पक्कं काम केलं की आमचे पाळकसाहेब म्हणतात, शेवटच्या न्यायाच्या दिवशी गावात एवढीच इमारत उभी दिसेल. भिंतीवरच्या पितळी पाट्या तशाच आहेत. हा साहेब पटकीनं गेला, ती मड्डम बाळंतपणात गेली, तो कोवळा साहेब घोड्यावरून पडला. लहानपणी उपदेश लांबला की आपण या पाट्या वाचायचो आणि त्यातल्या कोणाचं मरण सगळ्यात बरं यावर आक्काशी माझं भांडण व्हायचं. (आक्का घोड्याच्या बाजूची होती. नंतर तिनं तुमच्याशी लग्न केलं.) झालरीचा पंखा अजून वर टांगलेला आहे, फक्त त्याची दोरी आपल्या वॉचमननं, वीरप्पानं, शेळी बांधायला नेली. आणि पुढची तीन वेताची बाकं, साहेब लोकांची, ती अजून रिकामी असतात. साहेब जाऊन पंचवीस वर्षं झाली, वेत तुटला, बाकांना खड्डे पडले, पण आपले बाबा शेवटपर्यंत चौथ्याच बाकावर बसले आणि त्यांच्यामागून आम्हीही तिथेच बसतो. कोणी मनाई केलेली नाही. पण रविवारी सकाळी चौथ्या बाकाशी आलं की पाय आपोआप वळतात.

तुमचं लग्न आठवतं का? मला परवा उगाच आठवलं आणि एकटाच हसलो. तुमच्या वडिलांनी तेरहून वऱ्हाड आणलं ते ठीक, पण येताना तेरखेड्याहून पोतंभर शोभेचं दारूकाम आणायची गरज नव्हती. पाळकांनी बजावलं होतं की हे देवाचं घर आहे, आवाज नको. त्यावर तुमच्या चुलत्यांनी विचार करून आवाज न करणारा बाण लावला, आणि तो सरळ घंटेच्या मनोऱ्यात शिरला. मनोऱ्यातले सगळे पारवे आत उतरले. तेव्हाची मिशनची मड्डम पायपेटी वाजवत होती, तिच्या टोपीवर एक पारवा बसला आणि तिनं गाणं पुरं होईपर्यंत मान हलवली नाही. तुम्ही शपथ घेताना "होय" म्हणालात की शिंकलात हे आजपर्यंत कोणाला नक्की माहीत नाही. त्या दिवशी आत जागा नव्हती म्हणून माणसं खिडक्यांत बसली होती. दाजी, मी ते भरलेलं चर्च पाहिलंय, आणि खरं सांगतो, ते पाहिलं नसतं तर आज इतकं वाईट वाटलं नसतं.

कारण गेल्या दोन वर्षांत काय झालं ते तुम्हीच जाणता, बदली मागून गेलात तरी तुम्ही त्यातलेच. पहिल्या साली पाऊस नाही म्हणून अर्धी घरं पुण्याला गेली, दुसऱ्या साली उरलेल्यातली निम्मी सोलापूरला. जे राहिले ते दुष्काळी कामावर खडी फोडायला. उपासनेला आम्ही एका हाताच्या आणि थोड्या दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच उरलो. त्यात आता वेगवेगळ्या मिशनांच्या सगळ्या मंडळ्या एकत्र झाल्यापासून वरचा कारभार नीटनेटका झालाय. वरून निरोप आला की जिथे माणसं नाहीत तिथे पाळक ठेवणं परवडत नाही, बिशपसाहेब मे महिन्यात स्वतः येऊन बघतील, आणि मंडळी अशीच असेल तर पाळकसाहेबांना सोलापूरला नेतील. मग इथे महिन्यातून एकदा कोणीतरी एस्टीनं येऊन प्रभुभोजन देईल आणि इमारत भाड्यानं जाईल.

भाडेकरूही तयार होता. इथल्या एका सहकारी संघाचे चेअरमन आण्णासाहेब तुम्हाला आठवत असतील, पूर्वी आपल्या गल्लीत सायकलवर फिरायचे. आता जीप आहे. माणूस वाईट नाही. एक दिवस टेप घेऊन आले, बूट बाहेर काढले, वेदीला हात जोडले आणि मग लांबी-रुंदी मोजली. म्हणाले, "गुलाबराव, जागा लई थंड हाय. खत चांगलं राहील." मी म्हटलं, इथे आमच्या तीन पिढ्यांचे बाप्तिस्मे झालेत. ते म्हणाले, "मग तर जागा पवित्र हाय, उंदीरबी येणार न्हाईत." अशा माणसाशी भांडावं कसं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता टँकरचं सांगतो, ते आधी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटल्या आणि आपल्या भागाला टँकर सुरू झाला. टँकर आत येऊन उभा राहील आणि वळेल असं रुंद फाटक फक्त चर्चचं, साहेबांच्या बग्ग्यांसाठी केलेलं. शिवाय लिंबाची सावली. म्हणून टँकर आपल्या आवारात यायचा. पण त्याची वेळ त्याला स्वतःलाच माहीत नसायची. सकाळी म्हणावं तर संध्याकाळी, आज म्हणावं तर परवा. बायाबापड्यांनी कामं सोडून किती वाट बघायची? तेव्हा बौद्धवाड्यातली सरूबाई पाळकसाहेबांकडे आली आणि म्हणाली, "आवं, एवढी मोठी घंटा हाय तुमची, टँकर आला की वाजवा की. आमी येतो पळत." पाळकसाहेब हो म्हणाले. वॉचमन वीरप्पाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून घंटा वाजली की सगळा भाग घागरी घेऊन चर्चकडे धावायचा. रविवारी उपासनेची घंटा आम्ही बंदच केली, उगाच लोकांची धावपळ नको. आम्ही मूठभर लोक, घड्याळ बघून यायचो. त्याचीही सवय झाली.

बिशपसाहेबांच्या रविवारी आम्ही काय तयारी केली म्हणून सांगू. पितळी पाट्या चिंचेनं घासल्या. शांतानं वेदीवरचं कापड धुतलं. (पाणी कुठून आणलं ते मी विचारलं नाही, पण दोन दिवस आमच्याकडे आमटी दाट होती.) बाकांवर माणसं विरळ दिसू नयेत म्हणून आम्ही दूरदूर बसायचं ठरवलं, मग जवळजवळ बसायचं ठरवलं, मग त्यावर कमिटीत मतभेद झाले. आणि मी, कमिटीचा सेक्रेटरी, इतक्या सगळ्या गोष्टींचा विचार करणारा माणूस, सकाळी वीरप्पाला म्हणालो, "बिशपसाहेबांची गाडी दिसली की घंटा वाजव. चांगली जोरात." बिशप दारात येताना घंटा झाली पाहिजे, ही आपली पहिल्यापासूनची रीत. रीत तेवढी माझ्या लक्षात राहिली.

वीरप्पानं वाजवली. तीन महिने तो एकाच कारणासाठी वाजवत होता, त्याच जोमानं वाजवली. बिशपसाहेब गाडीतून उतरून झगा सावरतात न सावरतात तोवर फाटकातून पहिली घागर आत आली. मग कळशा, डबे, बादल्या, हंडे, एक जुनी परात, आणि त्यांच्यामागे अख्खा भाग. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी आकाशाकडे पाहिलं. बिशपसाहेब मात्र शांतपणे दोन्ही बाजूंना हात जोडत चालले होते, आणि बायाही घागर कमरेवर सावरत एका हातानं नमस्कार करत होत्या, कारण टँकरबरोबर कोणी मोठा साहेब आला असेल तर बरंच, असं त्यांना वाटलं.

टँकर दिसेना. पण इथल्या बायका घंटा ऐकून आलेल्या, त्या अशा परत जात नाहीत. त्यांनी नेहमीप्रमाणे भांडी लिंबाखाली ओळीनं लावली. भांडं रांगेत असलं की माणूस मोकळा, हा दुष्काळातला कायदा, तो कोणी मोडत नाही. मग ऊन डोक्यावर येत होतं, आणि चर्चचं दार उघडं होतं, आत गार होतं. सरूबाई पहिली आत आली आणि सरळ साहेबांच्या पहिल्या बाकावर पाय वर घेऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या. दाजी, माझे बाबा ज्या बाकाला आयुष्यभर टेकले नाहीत ते एका मिनिटात भरलं, आणि छप्पर पडलं नाही. मागे पुरुष उभे राहिले. गजराबाई मिरच्या निवडायचं सूप घेऊन आली होती ते तिनं मांडीवर ठेवलं. खिडक्यांत मुलं बसली. तुमच्या लग्नानंतर पहिल्यांदा खिडक्यांत माणसं दिसली आणि मी ती मोजत बसलो, पहिलं गाणं सुरू करायचं राहूनच गेलं. शांतानं सुरू केलं.

धनगरवाड्याचा बिरदेव चौथ्या बाकावर, माझ्या शेजारी. त्याची मेंढरं चाऱ्यावाचून निम्मी गेलेली. तो समोरच्या रंगीत काचेकडे बघत बसला, तीच, विलायतेहून आलेली, उत्तम मेंढपाळाची. बराच वेळ बघून माझ्या कानाशी लागला, "ही मेंढरं आपल्या मुलखातली न्हाईत. लोकर बघा की." मी मान हलवली. थोड्या वेळानं म्हणाला, "खांद्यावरचं लंगडं असंल. बरुबर घेतलंय त्यानं." मग प्रार्थना झाली, सगळे गप्प, आणि त्या शांततेत पुन्हा, "पर कुत्रं कुठाय? बिनाकुत्र्याचा मेंढक्या म्या पैल्यांदाच बघितला." मला ही काच लहानपणापासून पाठ आहे. पण त्या मेंढपाळाची काळजी करणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बिशपसाहेबांनी उपदेशाला विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट घेतली. आधीच तयार करून आणली होती की समोरचं बघून बदलली, देव जाणे. एक बाई भर दुपारी घागर घेऊन विहिरीवर येते, असं ते म्हणाले आणि सगळ्या बाया सरसावून बसल्या. येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो, म्हटल्यावर शेवटच्या ओळीतून कोणीतरी हळूच विचारलं, "त्यांच्याकडं पोहरा नव्हता व्हय?" बिशपसाहेब थांबले आणि म्हणाले, "नव्हता बाई." त्यावर सगळ्या चर्चनं हळहळ व्यक्त केली. इतकी वर्षं आम्ही ती गोष्ट ऐकतो, पण त्याला खरोखर तहान लागली होती हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नव्हतं.

इतक्यात आण्णासाहेबांची जीप. ते जागा कधी रिकामी होते ते बिशपसाहेबांना विचारायलाच आले होते, पण दारातून आत पाहिलं आणि थबकले. आता आण्णासाहेबांची एक अडचण आहे. एवढी माणसं एका ठिकाणी बसलेली दिसली की त्यांना भाषण केल्याशिवाय राहवत नाही. पाळकसाहेबांनी आशीर्वाद संपवला न संपवला तोच ते पुढे आले, आभार मानायला म्हणून उभे राहिले आणि सुरू झाले. सुरुवातीला दुष्काळ झाला, मग सहकार झाला. मग समोरच्या चेहऱ्यांवर काहीच उमटत नाही असं पाहून त्यांनी भिंतीकडे हात केला आणि म्हणाले, ही ऐतिहासिक वास्तू आपल्या शहराचं भूषण आहे. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर आण्णासाहेब थांबत नाहीत. म्हणाले, "आणि म्या इथं सर्वांसमक्ष शब्द देतो, जोवर हा आण्णासाहेब चेअरमन हाय, तोवर या वास्तूच्या एका दगडालाबी कोणी हात लावणार न्हाई. कुणी गोडाऊन करायचं म्हणलं, तर आधी माझ्याशी गाठ हाय." हे बोलून झाल्यावर त्यांचा चेहरा असा झाला की आपण आत्ता काय बोललो ते त्यांना स्वतःच्याच कानांनी नंतर ऐकू आलं. पण टाळ्या चालू होत्या. तेवढ्यात सरूबाई उभी राहिली आणि म्हणाली, "ते समदं झालं आण्णासाहेब, पर टँकर कुठाय?" सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. बिचाऱ्यांनी जीप पाठवून संघाचा टँकर मागवला. त्या रविवारी प्रत्येक घागर भरली.

जाताना बिशपसाहेबांना हार झाला, आणि मी गाडीचं दार धरून उभा होतो, आतून फुगून आलेला. एवढी मोठी मंडळी पाहून साहेब खूष झाले असणार, पाळकसाहेब आपल्याकडेच राहणार, असं माझं सगळं जमलं होतं. ते आत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, "गुलाबराव, मी आटपाडीकडचा, दुष्काळी मुलखातला. भांड्यांची रांग मी लहानपणापासून बघतोय." मग म्हणाले, "निर्णय आज घेत नाही. पावसाळा झाला, टँकर बंद झाला, की एखाद्या साध्या रविवारी येईन. न कळवता. तेव्हा बाकांवर कोण असतं ते बघू." आणि हसून गेले. ते चांगल्या मनानं हसले की कसं, यावर कमिटीत अजून मतभेद आहेत.

पाऊस झाला, टँकर बंद झाला, रान हिरवं झालं. आणि आम्ही रोज साध्या रविवाराची वाट बघतोय. शांता म्हणते, दर रविवारी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. मला तर मोटारीचा आवाज आला की प्रार्थनेतले शब्द चुकतात. बाकी सर्व ठीक. पोरांना आशीर्वाद, सुनेला सलाम.

तुमचा,
गुलाब

ता. क. दाजी, हे पत्र गुडघ्याच्या चौकशीसाठी लिहिलेलं नाही, ते तुम्ही पहिल्या पानावरच ओळखलं असेल. तुम्ही डिसेंबरात रिटायर होता. पिंपरीत रिटायर माणसानं काय करायचं? चर्चमागच्या दोन खोल्या शाळेचे मास्तर सोडून गेल्यापासून रिकाम्या आहेत, पाळकसाहेबांना विचारून ठेवलंय. नाताळाला या असं म्हणत नाही, नाताळाला कोणीही येतं. कायमचे या. मला साध्या रविवारी बाकावर बसणारी माणसं हवी आहेत, आणि खरं म्हणजे मला तुम्ही दोघं हवे आहात. बिशपसाहेब आले नाहीत तरी.

ता. क. दुसरा. आज सकाळचं सांगायचं राहिलं. उपासनेची घंटा आता आम्ही परत सुरू केली आहे, वीरप्पाला सावकाश वाजवायला शिकवलंय. आज वाजली आणि फाटकातून सरूबाई आली, रिकाम्या हातांनी. मी दारात गाठून सांगितलं, बाई, आता टँकर नाही. ती म्हणाली, "ठावं हाय मला. आमचं विहारातलं वंदन सांजच्याला असतं. सकाळी मोकळीच असते, म्हणलं बसावं जरा." आणि आत जाऊन चौथ्या बाकावर, भिंतीकडच्या कडेला बसली. ती आक्काची जागा. आक्का तिकडे राहायला गेल्यापासून तिथे कोणी बसलेलं नाही आणि मी कोणाला बसू दिलं नाही, म्हणून मी हळूच सांगितलं की ही माझ्या बहिणीची जागा आहे, ती पुण्याला असते. बिशपसाहेब सरूबाईला मंडळीत धरणार नाहीत आणि तिलाही ते नको आहे. पण ती जागची हलली नाही. म्हणाली, "मग येऊ द्या की तुमच्या भैनीला. ती आली की सरकते म्या."